परतीचे वादळ आणि नदीची हद्द

भाद्रपद सरत येतो. सोयाबीन, उडीद काढणीला आलेले असतात, धरणे काठोकाठ भरलेली असतात आणि आता चार दिवस उघाड मिळावी म्हणून शेतकरी आकाशाकडे पाहत असतो. नेमक्या याच दिवसांत कधी कधी बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे क्षेत्र तयार होते, आंध्रचा किनारा ओलांडते आणि वादळी वारा व मुसळधार पाऊस घेऊन दख्खनच्या पठारावर चढते. 13 ऑक्टोबर 2020 रोजी असेच एक क्षेत्र काकीनाड्याजवळ किनाऱ्यावर आले. त्या रात्री हैदराबाद जलमय झाले. पल्ले चेरुवू, गुर्रम चेरुवू यांसारखे तलाव ओसंडले, बांध फुटले आणि दक्षिण भागातील वस्त्यांत पाणी शिरले. दुसऱ्या दिवशी पंढरपुरात कुंभार घाटाजवळ भिंत कोसळून सहा जणांचा मृत्यू झाला. उजनी व वीर धरणांतून पाणी सोडावे लागले आणि भीमेचा पूर सोलापूर जिल्ह्यातून पुढे कलबुर्गीपर्यंत गावे वेढत गेला. काढून ठेवलेले पीक शेतातच कुजले.

अशा प्रसंगी आपल्या समाजात तीन प्रकारचे बोलणे ऐकू येते. कोणी म्हणतो, हा अल्लाहचा कोप आहे आणि ज्यांची घरे बुडाली त्यांच्याच कर्मांचे हे फळ आहे. कोणी म्हणतो, हा हवामानाचा खेळ आहे, त्यात धर्माचा काय संबंध? आणि कोणी हात जोडून म्हणतो, जे नशिबात होते ते झाले, माणूस काय करणार? दिव्य कुरआन आणि प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या आचरणाच्या प्रकाशात पाहिले, तर ही तिन्ही मते अपुरी ठरतात. प्रस्तुत लेखात याचाच विचार करू या.

मोजून दिलेले पाणी

कुरआनात पावसाचा उल्लेख वारंवार येतो. सूरह मोमिनून (आयत 18) आणि सूरह जुखरुफ (आयत 11) येथे एक शब्द विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. अल्लाह आकाशातून पाणी एका ठरावीक मापाने उतरवितो, असे तेथे सांगितले आहे. सूरह मोमिनूनमध्ये पुढे हेही म्हटले आहे, की तो ते पाणी जमिनीत ठेवतो आणि ते काढून घेण्याचे सामर्थ्यही त्याच्याकडेच आहे. म्हणजे पाऊस हा बेहिशेबी नाही. त्याला माप आहे, त्याला नियम आहे. वारा, बाष्प, डोंगर, उतार, माती हे सर्व त्या नियमाने बांधलेले आहेत.

परतीच्या पावसाचा पूर अधिक घातक का ठरतो, हेही त्या नियमानेच समजते. जून महिन्यात तापलेली काळी माती पहिले पाणी पिऊन घेते. तलाव रिकामे असतात, धरणात जागा असते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये माती तुडुंब भिजलेली, तलाव भरलेले आणि धरणाचा साठा पूर्ण झालेला असतो. मग एका रात्रीत जे पाणी पडते, ते मुरत नाही आणि थांबतही नाही. ते थेट ओढ्यात, ओढ्यातून नदीत आणि नदीतून वस्तीत येते. हा नियम जाणून घेणे म्हणजे ईमानापासून दूर जाणे नव्हे. ज्याने माप ठेवले त्याचे माप ओळखणे, हे त्याच्या दासाचे कामच आहे.

याच संदर्भात एक सावधगिरीही आवश्यक आहे. आपल्याकडे शेतकरी नक्षत्रांच्या नावाने पाऊस ओळखतात. हस्त नक्षत्राच्या पावसाला तर हत्तीचा पाऊस म्हणतात. दिवस मोजण्याची खूण म्हणून हे नाव घेण्यात दोष नाही. मात्र हुदैबियाच्या मुक्कामी, रात्रभर पाऊस पडून गेल्यावर, प्रेषितांनी (स.) फज्रच्या नमाजनंतर सहाबांना सांगितले होते, की जो हा पाऊस अल्लाहच्या कृपेने पडला असे म्हणतो तो अल्लाहवर श्रद्धा ठेवतो आणि जो अमक्या ताऱ्यामुळे पडला असे म्हणतो तो ताऱ्यावर श्रद्धा ठेवतो (बुखारी, मुस्लिम). कारण आणि कर्ता यांतला हा फरक आहे. आजच्या भाषेत बोलायचे तर कमी दाबाचे क्षेत्र हे कारण आहे. तो कर्ता नाही.

ढग पाहून चेहरा बदलणारे प्रेषित

आता पहिल्या मताकडे वळू. ह. आयेशा (रजि.) सांगतात, की आकाशात ढग दाटले किंवा वारा सुटला की प्रेषितांच्या (स.) चेहऱ्यावर काळजी दिसू लागे. ते घरात येत, बाहेर जात. पाऊस सुरू झाला की ती काळजी दूर होई. त्यांनी विचारले, लोक तर ढग पाहून पावसाच्या आशेने आनंदित होतात, मग आपण चिंतित का होता? त्यावर प्रेषितांनी (स.) आद लोकांची आठवण दिली. तेही दरीच्या दिशेने येणारा ढग पाहून हा आपल्यासाठी पाऊस घेऊन आला म्हणून हर्षित झाले होते आणि त्यातून वादळ निघाले (बुखारी, मुस्लिम, सूरह अहकाफ, आयती 24-25).

वाचकहो, येथे थोडे थांबून विचार करा. प्रकोपाचे भय कोणाला वाटत आहे? ज्यांचे जीवन सर्वांत पवित्र होते, त्यांना. आणि ते भय कोणाविषयी आहे? स्वतःविषयी आणि आपल्या लोकांविषयी. दूरच्या गावावर संकट आले तेव्हा बोट दाखवून त्यांची पापे मोजण्याची पद्धत प्रेषितांच्या (स.) आचरणात सापडत नाही. वादळाच्या वेळी भय हे आपल्या मनात असायला हवे. ते दुसऱ्यावर ठेवायचा आरोप होता कामा नये.

शिवाय एकाच वाऱ्याची दोन रूपे कुरआन व हदीसमध्ये आली आहेत. हिजरी 5 मध्ये मदीनेभोवती खंदक खोदून मुस्लिम बसले असता, वेढा घालणाऱ्या सैन्याचे तंबू वाऱ्याने उखडले आणि वेढा उठला. सूरह अहजाब (आयत 9) मध्ये या वाऱ्याला अल्लाहची कृपा म्हटले आहे. प्रेषितांनी (स.) सांगितले, की पूर्वेच्या वाऱ्याने त्यांना साहाय्य मिळाले आणि पश्चिमेच्या वाऱ्याने आद नष्ट झाले (बुखारी, मुस्लिम). म्हणूनच वाऱ्याला शिव्याशाप देण्यास मनाई आहे. अबू दाऊदच्या हदीसनुसार वारा अल्लाहच्या दयेतून येतो. तो कृपाही आणतो आणि शिक्षाही. वादळ सुटले की त्यातील भलाई मागावी आणि त्यातील वाइटापासून आश्रय मागावा, ही शिकवण आहे.

मग बुडालेल्या घरातील माणसांविषयी आपण काय म्हणावे? याचे उत्तर प्रेषितांनी (स.) स्वतः दिले आहे. ज्यांना हुतात्म्याचा दर्जा मिळतो अशा पाच जणांत त्यांनी पाण्यात बुडून मरणारा आणि भिंत किंवा घर कोसळून मरणारा यांचा समावेश केला आहे (बुखारी, मुस्लिम). आद लोकांच्या बाबतीत कोप असल्याचे आपल्याला वह्यीद्वारे कळले. आज कोणत्याही वस्तीविषयी असे सांगणारी वह्यी आपल्याकडे येत नाही. आपल्याकडे आहे ती ही हदीस. जो श्रद्धावंत पुरात गेला त्याच्या घरच्यांना पापाचा हिशेब ऐकवू नका, या दर्जाची वार्ता द्या. सूरह बकराच्या आयती 155 ते 157 मध्ये भय, भूक, धन, प्राण व पीक यांच्या हानीने होणाऱ्या परीक्षेचा उल्लेख आहे आणि धीर धरणाऱ्यांना शुभवार्ता आहे. पिकाची हानी तेथे नाव घेऊन सांगितली आहे, हे आपल्या शेतकरी बांधवांनी ध्यानात ठेवावे.

मूसीचा धडा

‘नशिबात होते ते झाले’ या तिसऱ्या मताचा विचार करताना आपल्याच दख्खनच्या इतिहासातील एक प्रसंग उपयोगी पडेल. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता आणि त्या राज्याची राजधानी मूसी नदीच्या दोन्ही काठांवर वसली होती. सप्टेंबर 1908 च्या अखेरीस असेच एक परतीचे वादळ पठारावर आले. 28 सप्टेंबर रोजी मूसीने दोन्ही काठ ओलांडले. अफजल पूल, मुसल्लम जंग पूल आणि चादरघाटचा पूल वाहून गेले. कुतुबशाही काळातील पुराना पूल तेवढा टिकला. मृतांचा आकडा सुमारे 15,000 सांगितला जातो. नदीकाठच्या एका चिंचेच्या झाडावर चढून सुमारे दीडशे माणसांनी प्राण वाचविले. ते झाड उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात पुढे शंभरहून अधिक वर्षे त्या दिवसाची साक्ष देत उभे राहिले.

तेव्हाचे निजाम मीर महबूब अली खान यांनी बेघरांसाठी महालाचे दरवाजे उघडले आणि लंगर सुरू केले. हे कर्तव्य होतेच. परंतु काम तेथेच थांबले नाही. पुराचे कारण शोधण्यासाठी अभियंता मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना पाचारण करण्यात आले. त्यांच्या पाहणीत आढळले, की मूसीच्या पाणलोट क्षेत्रात पावणेआठशेहून अधिक लहान तलाव होते आणि त्यांपैकी दोनशेहून अधिक तलाव त्या पावसात फुटले होते. एक तलाव फुटला की त्याचे पाणी खालच्या तलावावर आदळे आणि तोही फुटे. म्हणजे पुराचे पाणी केवळ आकाशातून आलेले नव्हते. फुटलेल्या बांधांचे पाणीही त्यात मिळालेले होते. त्यांच्या सल्ल्यानुसार शहराच्या वरच्या बाजूला दोन मोठे जलाशय बांधले गेले. मूसीवरील उस्मान सागर 1920 मध्ये आणि तिच्या ईसा या उपनदीवरील हिमायत सागर 1927 मध्ये पूर्ण झाला. जे पाणी बुडवीत होते, तेच पुढे कित्येक दशके शहराची तहान भागवीत राहिले.

उंट मोकळा सोडून तवक्कुल करू की बांधून, असे विचारणाऱ्याला प्रेषितांनी (स.) आधी बांध आणि मग भरवसा ठेव असे सांगितले (तिर्मिजी). उस्मान सागर बांधणे हे त्या हदीसचेच पालन होते. आणि 2020 साली तेच शहर पुन्हा बुडाले, तेव्हा पाणी जेथे साचले त्यांतील कित्येक जागा एके काळी तलावांच्या व ओढ्यांच्या होत्या. आपण बांधलेला उंट स्वतःच सोडून दिला होता.

कुरआनात सबा लोकांची कथा आहे (सूरह सबा, आयती 15 ते 17). त्यांच्या उजव्या-डाव्या बाजूंना बागा होत्या आणि बांधाच्या पाण्यावर त्यांची समृद्धी उभी होती. त्यांनी कृतज्ञता सोडली, बांध फुटून पूर आला आणि बागांच्या जागी कडू फळांची झुडपे उरली. देणगी सांभाळणे हा कृतज्ञतेचा भाग आहे. ज्या तलावाने पिढ्यान्‌पिढ्या पाणी दिले तो कचऱ्याने भरून त्यावर घरे बांधणे ही देखील कृतघ्नताच आहे.

नदीचा हरीम

इस्लामी धर्मशास्त्रात ‘हरीम’ नावाची एक संज्ञा आहे. विहीर, झरा, नदी यांच्याभोवतीची जी जागा त्यांच्या उपयोगासाठी व रक्षणासाठी मोकळी राहिली पाहिजे, तिला हरीम म्हणतात. तिचे प्रमाण किती असावे याबाबत फकीहांमध्ये मतभेद आहेत. पण ज्या जागेची सर्व लोकांना गरज आहे ती कोणी एकाने ताब्यात घेऊन आपली म्हणू नये, हे तत्त्व सर्वमान्य आहे. पडीक जमीन कसून मालकी मिळविण्याची जी मुभा शरीअतने दिली आहे, ती अशा जागेला लागू होत नाही.

याला जोडून ती हदीस आठवा, जिच्यात वीतभर जमीन अन्यायाने घेणाऱ्याच्या गळ्यात कियामतच्या दिवशी सात थरांची जमीन अडकविली जाईल असा इशारा आहे (बुखारी, मुस्लिम). ओढ्यात भराव टाकून काढलेला भूखंड ही वीतभर जमीन नाही काय? तो विकणारा आणि त्याचा उतारा व पूररेषा माहीत असूनही विकत देणारा दलाल, दोघेही गरीब खरेदीदाराला नदीच्या तोंडी देत असतात. व्यापारात दोष लपविणे निषिद्ध आहे आणि येथे लपविलेला दोष प्राणघातक आहे. ज्या गरिबाने आयुष्यभराची पुंजी देऊन तेथे दोन खोल्या बांधल्या, त्याला अतिक्रमणवाला म्हणून हिणविण्यापूर्वी त्याला ती जागा कोणी विकली हे विचारले पाहिजे.

हाच नियम आपल्या मशिदी व मदरशांनाही लागू आहे. मदीनेत मस्जिदे नबवीची जागा दोन अनाथ मुलांची होती. त्यांनी ती विनामूल्य देऊ केली, तरी प्रेषितांनी (स.) ती मोल देऊनच घेतली. पुण्यकार्यासाठी देखील दुसऱ्याचा हक्क घेता येत नाही, मग नदीचा व तिच्या खालच्या अंगाला राहणाऱ्या हजारोंचा हक्क कसा घेता येईल? जहाजाच्या तळाशी असलेल्यांनी पाण्यासाठी भोक पाडायला घेतले आणि वरच्यांनी त्यांना अडविले नाही तर सर्वच बुडतील, या हदीसचा (बुखारी) अर्थ नदीकाठी राहणाऱ्याला वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

वादळाच्या वेळचे काही नियम

1. मुसळधार पाऊस, चिखल व वादळ असेल तर जमातसाठी मशिदीत न जाण्याची सवलत आहे. ह. इब्ने उमर (रजि.) यांनी थंड, वादळी रात्री अजान देऊन लोकांना आपापल्या मुक्कामी नमाज अदा करण्यास सांगितले आणि प्रेषित (स.) असेच करवीत, असे सांगितले. ह. इब्ने अब्बास (रजि.) यांनी पावसाच्या दिवशी जुम्अच्या अजानमध्येही घरी नमाज पढण्याची घोषणा करविली. लोकांना नवल वाटले, तेव्हा आपल्यापेक्षा श्रेष्ठ व्यक्तीने असे केले आहे, असे ते म्हणाले (बुखारी, मुस्लिम). पुराच्या पाण्यातून जिवावर उदार होऊन मशीद गाठणे ही धार्मिकता नव्हे. स्वतःच्या हातांनी स्वतःला विनाशात टाकू नये, ही कुरआनची आज्ञा आहे (सूरह बकरा, आयत 195).

2. पावसामुळे दोन नमाज एकत्र अदा करण्यास शाफई फिकहमध्ये काही अटींवर परवानगी आहे, हनफी फिकहमध्ये नाही. कोकणात बहुसंख्य शाफई आणि पठारावर बहुसंख्य हनफी आहेत. प्रत्येकाने आपल्या आलिमांना विचारून वागावे. यावरून मदत छावणीत वाद घालू नये.

3. नमाज चालू असताना कोणी बुडत असल्याचे कळले आणि वाचविणे शक्य असेल, तर नमाज तोडून त्याला वाचविणे आवश्यक आहे. नमाज पुन्हा अदा करता येते. बुडणारा कोणत्या धर्माचा, हा प्रश्न येथे उद्भवत नाही.

4. पुरात मरण पावलेल्यास परलोकात हुतात्म्याचा दर्जा असला, तरी त्याला गुस्ल व कफन देऊन जनाजाची नमाज अदा केली जाते.

5. टंचाईच्या काळात धान्य, ताडपत्री, पिण्याचे पाणी दडवून भाव वाढविणे हे पाप आहे. साठेबाजी करणारा अपराधी आहे, असे प्रेषितांनी (स.) सांगितले (मुस्लिम).

पूर ओसरल्यानंतर

खरे संकट अनेकदा पाणी ओसरल्यावर सुरू होते. द्राक्ष व डाळिंबाच्या बागा आधीच सौदा करून विकलेल्या असतात, व्यापाऱ्याची उचल घेतलेली असते आणि पीक वाहून गेलेले असते. याविषयी एक हदीस आपल्याकडे फार कमी सांगितली जाते. आपल्या भावाला फळे विकली आणि त्यांवर आपत्ती कोसळली, तर त्याच्याकडून मोबदला घेणे योग्य नाही, कोणत्या हक्काने तो घ्यावा, असे प्रेषितांनी (स.) विचारले (मुस्लिम). इमाम मालिक व इमाम अहमद यांच्या मते अशी सूट देणे बंधनकारक आहे, तर हनफी व शाफई फकीहांच्या मते माल ताब्यात गेल्यानंतर ती सूट मोठ्या पुण्याची आहे. म्हणजे चारही मतांत सूट देणारा उंचावरच उभा आहे. आणखी एका प्रसंगी, फळांच्या सौद्यात नुकसान येऊन एक मनुष्य कर्जात बुडाला, तेव्हा प्रेषितांनी (स.) लोकांना त्याला दान देण्यास सांगितले आणि जेवढे जमले तेवढेच घ्या, असे सावकारांना बजावले (मुस्लिम).

जकातच्या आठ हक्कदारांत कर्जबाजाऱ्यांचा स्पष्ट समावेश आहे (सूरह तौबा, आयत 60). पुरात सर्वस्व गेलेला आणि डोक्यावर कर्ज असलेला शेतकरी, हातगाडीवाला, कारागीर यांचा जकातवर हक्क आहे. जकातशिवायचे ऐच्छिक दान तर शेजारी कोणत्याही धर्माचा असो, त्याला देता येते आणि दिलेच पाहिजे. मशिदीचा वरचा मजला कोरडा असेल तर तो गावासाठी उघडा असावा.

प्रिय वाचकहो, मदीनेत एकदा दुष्काळात एका खेडुताच्या विनंतीवरून प्रेषितांनी (स.) मिंबरवरून पावसासाठी प्रार्थना केली. पाऊस आठवडाभर पडत राहिला. पुढच्या शुक्रवारी घरे पडू लागल्याची तक्रार आली. तेव्हा त्यांनी पाऊस बंद व्हावा असे मागितले नाही. तो आमच्यावर न पडता आमच्या भोवती, टेकड्यांवर, दऱ्यांच्या तळाशी आणि झाडे उगवतात तेथे पडावा, असे मागितले (बुखारी, मुस्लिम). कृपा नाकारायची नाही, तिला तिच्या जागी मागायचे, हा त्या दुआचा अर्थ आहे. दऱ्यांचे तळ आणि ओढ्यांची पात्रे पाण्यासाठी मोकळी ठेवणे हे मात्र आपल्या हातांत आहे. ती जागा आपणच व्यापली, तर ती दुआ आपण कोणत्या तोंडाने मागणार?

यंदाचा परतीचा पाऊस येण्यापूर्वी आपल्या मोहल्ल्यातील ओढा कोठून वाहतो ते एकदा जाऊन पाहा. त्यात भराव पडला असेल तर जमातीत तो विषय काढा. नदीकाठच्या वृद्धांची, गरोदर स्त्रियांची यादी मशिदीत ठेवा. वर्षाअखेर कोणाला सूट देता येईल याचा हिशेब मांडा.

अल्लाह आपल्याला पावसातील भलाई देवो, वादळाच्या वाइटापासून वाचवो, पुरात गेलेल्या श्रद्धावंतांना हुतात्म्यांचा दर्जा देवो आणि मागे राहिलेल्यांचे अश्रू पुसण्याची बुद्धी आपल्याला देवो. आमीन.